वाघबोडीचं निवळ पाणी

पौर्णिमा वलथरेच्या सासूची जोडवी त्या उन्हाळ्यात तीनदा काळी पडली, आणि पहिल्या दोन्ही वेळा बोलणी खाल्ली ती सोनाराने. पार्बताबाई भर बाजारात त्याच्या दुकानासमोर उभी राहिली, आणि चांदीच्या नावाखाली जस्त विकतोस का म्हणून तिने त्याची अशी हजेरी घेतली, की बिचाऱ्याने दोन्ही वेळा जोडवी फुकट उजळून दिली. चांदी अस्सल होती. खोट दुसरीकडेच होती, पण सन २०४३च्या त्या उन्हाळ्यात ती कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

वाघबोडी हे तलावाचं नाव आणि त्याच्या काठच्या गावाचंही. भंडाऱ्याकडे असे जुने तलाव गावोगाव आहेत. तीन बाजूंनी मातीची उंच पाळ, चौथ्या बाजूला धानाची शेतं. मासेमारी करणाऱ्या ढिवरांची साठ घरं या तलावावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आली होती आणि पार्बताबाई त्या साठ घरांतली मोठी असामी. वय सत्तरीला टेकलेलं, पण चिखलात पाय घातला की खाली शिंगी मासा आहे, वाम आहे की नुसताच शिंपला, हे ती डोळे मिटून सांगायची. मूठभर गाळ नाकाशी धरला की तिला तलावाची तब्येत कळायची. यंदा मासळी कशी होणार हे सरकारी मत्स्य अधिकारीसुद्धा तिलाच विचारून आपल्या कागदात लिहीत असे, आणि हे ती चारचौघांत सांगायला कधी विसरत नसे.

अशा सासूच्या घरात बारावी शिकलेल्या सुनेला कोण विचारतो? लग्नानंतरची सहा वर्षं पौर्णिमाने भाजी चिरण्यात आणि जाळी सुकवण्यात काढली. तिचं नशीब उघडलं ते थाळीने.

थाळी म्हणजे बैलगाडीच्या चाकाएवढी एक धातूची चकती. तलावाच्या मधोमध तळाशी बसवलेली, पाळीवरच्या टपरीतल्या सौर बॅटरीवर चालणारी. कुठल्याही तलावाच्या गाळात लाखो जीव राहतात. लालभडक अळ्या असतात, दोऱ्यासारखे किडे असतात, शिंपले, गोगलगायी, शिवाय गाळ उकरून पोट भरणारे मासे. ही मंडळी दिवसरात्र तळ उकरत असतात. त्यामुळे गाळ वर येतो, त्यातलं खत पाण्यात मिसळतं, पाणी हिरवं-गढूळ होतं, ऊन खाली पोचत नाही आणि पाण्यातली झाडं मरतात. यावर नागपूरच्या काही संशोधकांनी एक साधी युक्ती काढली. मोठा शिकारी प्राणी जवळ आला की गाळात बारीकसा कंप उठतो, आणि तो जाणवताच तळातले जीव जागच्या जागी थिजतात. तोच कंप थाळी सतत सोडत राही. जीव मरत नव्हते, फक्त हालायचे थांबले होते. त्यांच्या भीतीवर तलाव निवळणार होता.

आणि निवळला. तीन महिन्यांत पाण्यात पडलेली सुई दिसावी असं पाणी झालं. कमळं आली, शिंगाड्याचे वेल पसरले, आसपासची तीन गावं तुरटी न फिरवता हे पाणी प्यायला लागली. थाळी सांभाळायला शिकलेलं माणूस हवं होतं, म्हणून पौर्णिमा टपरीत बसली. वायू मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे बघायचे, बटण सांभाळायचं, आणि काही वेगळं दिसलं तर नागपूरला त्या संशोधकांतल्या संध्या खानझोडे मॅडमना फोन करायचा. गावकरी आता पार्बताबाईच्या आधी तिला हटकायचे, काय म्हणतो तलाव? तिला ते आवडायचं. का आवडू नये?

पार्बताबाईला मात्र हे निवळ पाणी पहिल्यापासून पटलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी काठाच्या चिखलात जाऊन उभी राहायची, मूठभर गाळ उचलायची आणि नाक मुरडायची.

"तळ घाबरून हाय व," ती सुनेला म्हणायची. "घाबरलेलं जनावर कवा काय करन, सांगता येत नाई."

"मामीजी, आकडा शून्य हाय. गाळात वायू असता तं मशीननं सांगितलं असतं."

"मशीनले नाक हाय का?"

सासूला आपलं कौतुक बघवत नाही, एवढाच अर्थ पौर्णिमाने त्यातून काढला होता.

पहिल्या वर्षी गाळाला सडक्या अंड्यांसारखा वास यायचा. दुसऱ्या वर्षी तो वाढला. आणि या उन्हाळ्यात पार्बताबाईने मूठभर गाळ हुंगला, पुन्हा हुंगला. वास गेला होता. तिने शेजारणींना बोलावलं. रोज तिच्यासोबत चिखलात उतरणाऱ्या त्या दोघी-तिघींनाही वास आला नाही. तलाव शुद्ध झाला म्हणून गावात नारळ फुटला, आणि तीन वर्षं बंद असलेली तुडवण यंदा करायचीच असं ढिवरांच्या मासेमारी संस्थेने ठरवलं.

तुडवण ही ढिवरांची जुनी रीत. वैशाखात पाणी कंबरेइतकं उरलं की साठ घरांतलं एकेक माणूस तलावात उतरतं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रांग धरायची आणि पायांनी गाळ तुडवत पुढे सरकायचं. गाळातले मासे उसळून वर येतात आणि हातांनी धरले जातात. थाळी बसल्यापासून तळ हलवायला मनाई होती. पण आकडा शून्य होता, वास नव्हता, तेव्हा नागपूरहून अर्ध्या दिवसापुरती परवानगी मिळाली. थाळी चालू असताना मासे उसळणार नाहीत, म्हणून रांग नीट लागल्यावर पार्बताबाई वर धरलेला हात खाली टाकेल आणि पौर्णिमा बटण बंद करेल, असं ठरलं.

मंगळवारी सकाळी नऊ वाजताच ऊन चटका देत होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. पाण्यात उतरण्याआधी पार्बताबाई टपरीपाशी आली, पायांतली जोडवी काढून तिने सुनेच्या हातात दिली.

"ठेव. गाळात निसटतात." मग जोडव्यांकडे बघून म्हणाली, "पाह्य बरं, उजळून आठ दिवस नाई झाले. पुन्हा काळी ठिक्कर. त्या सोनाराले आज सोडत नाई मी."

ती पाळ उतरून गेली. सर्वांत खोल जागा रांगेच्या टोकाला होती आणि ती मान तिचा होता. पौर्णिमाचा नवरा होमराज लाकडी डोंगा घेऊन काठाला थांबला होता, आणखी दोन डोंगे पलीकडे होते. संस्थेचा अध्यक्ष तेजराम नान्हे रांगेच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना चिडवत होता. साठ माणसं पाण्यात उतरली, त्यात पौर्णिमाची चुलत जाऊ, मावससासू, शेजारीपाजारी, सगळीच.

तेवढ्यात संध्या मॅडमचा फोन आला. त्यांना आज यायचं होतं, पण गाडी बिघडली होती.

"सगळं ठीक आहे ना, पौर्णिमाताई?"

"ठीक हाय मॅडम. आमच्या मामीजीचं फक्त सोनाराशी भांडण चालू हाय." आणि तिने हसत हसत जोडव्यांची गोष्ट सांगितली.

पलीकडून हसू आलं नाही.

"काळी म्हणजे कशी? तपकिरी की काळी?"

"काळी. तव्यासारखी."

"त्या रोज गाळात उभ्या राहतात?" मॅडमचा आवाज बारीक झाला होता. "ताई, सेन्सर कुठं बांधलाय तुम्ही?"

"बांबूले. गाळाच्या हातभर वर."

"मी तो गाळात रोवायला सांगितला होता."

"गाळात कोनी काई बांधते का मॅडम? कुजते. तार खाऊन टाकते चिखल." तिने हे अगदी सहज सांगितलं. माशांचा पिंजरा असो, जाळ्याची दोरी असो, ढिवराचं पोर कुठलीही वस्तू गाळाच्या हातभर वरच बांधतं. तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

"आत्ता तो बांबू खाली दाबा. आत्ता."

टपरीतून पाण्यात गेलेल्या लाकडी फळ्यांवरून ती पळत टोकाला गेली आणि बांबूवर अंगाचा भार टाकून तिने तो गाळात घुसवला. मग हातातल्या पडद्याकडे पाहिलं. तीन वर्षं तिथे शून्य होतं. आता आकडा चढला, चढतच गेला, आणि पडद्यावर मोजमापाबाहेर एवढाच शब्द उरला.

मॅडम भराभर बोलत होत्या. गाळातले किडे बिळं करतात तेव्हा वरचं पाणी आणि त्यातला प्राणवायू त्या बिळांतून आत जातो. तळ त्यानेच श्वास घेतो. किडे थिजले, बिळं बुजली, आत प्राणवायू जायचा थांबला. वरून कमळाची पानं पडत राहिली, कुजत राहिली, आणि प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंनी त्यातून हायड्रोजन सल्फाईड नावाचा विषारी वायू तयार केला. तीन वर्षं तो गाळात साठत गेला. जो थोडा वर झिरपला तो निवळ पाण्यात विरून गेला, म्हणून वर बांधलेल्या सेन्सरला तो कधी दिसलाच नाही. चांदीला दिसला.

"पण वास तं गेला, मॅडम."

"तेच सांगतेय. थोडा असतो तेव्हा अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाक मरतं. मग वास येतच नाही. ताई, त्या लोकांना बाहेर काढा. थाळी बंद करू नका, काही झालं तरी. लाखो जीव एकदम हालले तर सगळा वायू एका क्षणात वर येईल. आणि कोणाला पळू देऊ नका. पळाले तर स्वतःच्याच पायांनी तो वर काढतील."

पौर्णिमाने मान वर केली. रांग लागली होती. लांब टोकाला, छातीभर पाण्यात, तिच्या सासूचा हात वर गेला होता. तो खाली आला की बटण बंद व्हायचं होतं, आणि बंद झालं नाही तरी साठ माणसं तुडवायला लागणार होती.

काय ओरडावं तिला कळेना. विष म्हणावं तर सगळे जीव घेऊन पळतील. थांबा म्हणावं तर हसतील, विचारतील का म्हणून. मग तिच्या तोंडून तिला स्वतःलाही अनोळखी वाटेल असा आवाज निघाला.

"काटा!"

तुडवणीत कोणाचा पाय शिंगीच्या विषारी काट्यावर पडला की तो एवढंच ओरडतो. मग जो जिथे असेल तिथे पाय न उचलता उभा राहतो, कारण शेजाऱ्याच्या पायाखाली दुसरी शिंगी असू शकते. हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. काठावरून आजवर कोणी काटा म्हणून ओरडलं नव्हतं. पण साठच्या साठ माणसं थिजली.

पार्बताबाईने वळून सुनेकडे पाहिलं. एवढ्या लांबून डोळे दिसत नव्हते. पण तिने हात खाली टाकला नाही. पंजा उघडून तो तसाच वर धरला. हलू नका.

"होमराज, डोंगा काढा," पौर्णिमा पाळीवरून धावत सुटली. "एकेकाले अलगद वर घ्या. पाय ओढू नका. तोंडाले ओलं फडकं बांधा."

तीन डोंगे निघाले. होमराजच्या डोंग्यात ती स्वतः चढली. पहिल्यांदा काठाकडची बायामाणसं घेतली. कोणी विचारायचं, काय झालं व? ती म्हणायची, गप्प बस, खाली बघू नको. दहा माणसं काढली, वीस काढली. तेवढ्यात मधोमध तेजरामने कपाळाला हात लावला आणि तो पाण्यात बसला. बसला म्हणजे गेलाच खाली. त्याचा भाऊ त्याला उचलायला वाकला आणि दोन पावलांवर तोही आडवा झाला. रांगेत एकच किंकाळी उठली. आता पळणार, असं पौर्णिमाला वाटलं.

पण टोकाला तो हात वर होता. सगळे त्या हाताकडे बघत होते. तोंडाने राम म्हणत होते, रडत होते, पण बघत तिकडेच होते. कोणी पाय उचलला नाही.

होमराजने दोघा भावांना केसांना धरून डोंग्यात ओढलं. चाळीस माणसं निघाली. पौर्णिमाचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती सारखी वळून त्या हाताकडे पाहत होती. पन्नास निघाली. हात थोडा वाकला होता. पार्बताबाईने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला आणि तो पुन्हा वर केला. पंचावन्न. टोकाकडे जाऊ लागलेल्या डोंग्याला तिने मान हलवून परत फिरवलं. आधी बाकीचे.

शेवटचा माणूस चढला तेव्हा हात खाली आला. पौर्णिमाने डोंगा तिकडे वळवला. सासू मांडीपर्यंत गाळात रुतली होती, मान एका बाजूला कलली होती. ओढून काढलं तर पायांच्या भोकांतून काय वर येईल हे पौर्णिमाला आता माहीत होतं. तिने जाळ्याचा दोर तिच्या काखेतून गुंडाळला, गाठ मारली, डोंगा दूर नेला, ओल्या पदराने तोंड घट्ट बांधलं आणि होमराजसोबत दोर खेचला. गाळातून बुडबुड्यांचा एक मोठा लोट आला. त्यांनी श्वास रोखून धरला आणि खेचत राहिले.

पार्बताबाई वाचली, तेजरामचा भाऊही वाचला. तेजराम वाचला नाही.

संस्थेच्या सभेत पौर्णिमाने उभं राहून सांगितलं, सेन्सर मीच वर बांधला. तेजरामची बायको समोर बसली होती. आता शिव्या पडतील, दगड पडतील, अशा तयारीनेच पौर्णिमा गेली होती. पण तेजरामची बायको तिच्याकडे पाहून म्हणाली, "आम्ही कोनीबी तेथंच बांधला असता." तेव्हा पौर्णिमाला अधिकच भीती वाटली. कोणीही असतं तरी हेच झालं असतं, म्हणजे हे पुन्हाही होऊ शकत होतं.

थाळी आता बंद करता येत नव्हती. ती बंद पडली तर तलाव गावावर उलटणार होता, म्हणून एकाच्या जागी तीन बॅटऱ्या बसल्या. संध्या मॅडमनी गणित मांडलं. रोज सकाळी, वारा असताना, थाळी दहा मिनिटं बंद ठेवायची. तेवढ्यात किडे थोडी बिळं करतील, थोडा प्राणवायू आत जाईल, थोडा वायू बाहेर पडेल. मग पुन्हा थाळी चालू. असं अकरा वर्षं केलं की तळ पुन्हा जिवंत होईल. हे काम कोणी करायचं असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी पौर्णिमाकडे पाहिलं, आणि तीही नाही म्हणाली नाही.

पाऊसकाळ सरल्यावर पहिला दिवस ठरला. गावाला पाळीपासून दूर ठेवलं होतं. टपरीत मॅडम मोजमापाची यंत्रं घेऊन बसल्या, यावेळी सेन्सर चांगला कोपरभर गाळात होता. पार्बताबाई हट्टाने आली होती. तिचं नाक त्या दिवशी गेलं ते गेलंच. भाताचा वास नाही, मासळीचा नाही. ती आता गाळ उचलत नसे.

पौर्णिमाने बटण बंद केलं.

काही वेळ काहीच झालं नाही. मग निवळ पाण्यात तळापासून एक करडा धूर उठला, दुसरीकडे आणखी एक. तीन वर्षांहून अधिक काळ थिजलेलं काहीतरी हालायला लागलं होतं. बुडबुडे आले.

"आला वास," होमराज नाक दाबत म्हणाला. "सडके अंडे."

पौर्णिमाने श्वास ओढला. पुन्हा ओढला. तिला काही येत नव्हतं. डोंगा वल्हवताना, दोर ओढताना तिने जे छातीत घेतलं होतं, त्याने तिचंही नाक नेलं होतं, आणि पाच महिने चुलीच्या धुरात ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"मामीजी," ती हळूच म्हणाली, "मलेबी नाई येत."

पार्बताबाईने तिचा हात घट्ट धरला.

"त्याले विचार," सासू म्हणाली. "विचारत राय. वास येते तवर बरं."

"येते का वास?" पौर्णिमाने नवऱ्याला विचारलं.

"येते."

दोन मिनिटं झाली. पाण्यावर करडे ढग पसरत होते.

"येते का?"

"येते, येते."

तीन मिनिटं. काठाच्या झाडावरून एक बगळा उडून गेला.

"आता?"

होमराजने नाकावरचा हात काढला, मान पुढे करून हुंगलं, मग पुन्हा हुंगलं.

"आता... नाई येऊन रायला."

"आकडा ठीक आहे, पौर्णिमाताई," मॅडम यंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या. "अगदी मर्यादेत. वारा फिरला असेल. अजून सात मिनिटं आहेत."

असेल वारा फिरलेला. पण आकडा शून्य असतानाही तिने एकदा साठ माणसं पाण्यात सोडली होती. तिने बटण दाबलं, थाळी चालू झाली, आणि तळातले सगळे जीव पुन्हा भिऊन गप्प झाले.